पंधरा लॅपटॉप, पंधरा गाद्या

रोसिली टीचर शिवण शिकवायची. म्हणजे नेमणूक झाली तेव्हा नुसतं शिवणच शिकवायची. हुक, काज, चुण्या, साखळी टाका, पाचवी ते सातवी, आठवड्याला दोन तास. तृश्शूरपासून बसने पाऊण तासावर, जिथे घरं संपून भातखाचरं सुरू होतात, तिथली ही शाळा. गावात तीन शिंपी, त्यातले दोघं टीचरच्याच हाताखालून गेलेले. मग एका वर्षी सरकारकडून खोक्यांमधून लॅपटॉप आले आणि हेडमिस्ट्रेस लतिका टीचरने स्टाफरूममध्ये विचारलं, "कॉम्प्युटरची खोली कोण सांभाळणार?" गणिताच्या सरांची पाठ तत्क्षणी दुखायला लागली. भाषेचे सर खिडकीबाहेर बघायला लागले. विज्ञानाच्या टीचरला मुलीचं लग्न आठवलं, जे पुढे तीन वर्षांनी झालं. रोसिली टीचर तेवढी सुईत दोरा ओवत बसली होती. तिने वर बघितलं, आणि वर बघितलं म्हणून तिचं नाव लागलं.

लोक हसले. "आता लॅपटॉपला परकर-पोलकं शिवा, टीचर," असं कुणी मागून म्हणे, आणि ती मागे न वळता, "आधी तुझं माप घेते, थांब," म्हणून पुढे जाई. पण बाई जिद्दीची. मे महिन्याच्या सुट्टीत जिल्ह्याच्या गावी शिक्षकांचं प्रशिक्षण असे, तिथे ती सलग चार वर्षं गेली. आमच्याकडच्या शाळांतल्या यंत्रांत एक काळा पडदा उघडतो. त्यावर चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसता हुकूम टाइप करायचा आणि एंटर मारायचं. बाकीच्या शिक्षकांना तो पडदा बघून घाम फुटे. रोसिली टीचरला नेमका तोच आवडला. एक अक्षर चुकलं की काम अडतं, बरोबर आलं की लगेच होतं. शिवणात तरी दुसरं काय असतं? ब्लाउजांची मापं लिहायच्या वहीत, छाती चौतीस, बाही नऊ, याच्या खालोखाल तिने ते हुकूम उतरवून ठेवले होते.

खोली तिची, पण खोलीची चावी वेलायुधनकडे. वेलायुधन शाळेचा शिपाई, बत्तीस वर्षांचा जुना. घंटा त्याची, कुलपं त्याची, आणि रोज संध्याकाळी पंधराही लॅपटॉपच्या चार्जरचे स्विच बंद करून यंत्रं पुसून जागेवर ठेवणंही त्याचंच. ती त्याला वेलायुधेट्टा म्हणे, म्हणजे दादा, आणि तो तिला टीचर. चार वाजता दोघांचा चहा एकत्र व्हायचा, डाळवडा अर्धा अर्धा.

"टीचर, तुमची ही पंधरा पोरं फार नाजूक हो. माझे दोघं चिखलात लोळून मोठे झाले."

"म्हणून तर तुमच्या हाती दिलीत. तुम्ही कुणाला पाडणार नाही."

अशाच एका चहाला त्याने आपल्या आईची गोष्ट सांगितली होती. म्हातारी साठीतच सगळं विसरायला लागली. आधी तव्यावरचं विसरली, मग वार विसरली, आणि शेवटी स्वतःच्या दारात उभी राहून, "हे घर कुणाचं?" म्हणून विचारायची. पोटच्या पोराला म्हणायची, "बाबा, कुठून आलात? जेवून जा." सहा वर्षं त्याने तिला हाताने कंजी, म्हणजे तांदळाची पेज, भरवली. "मरणाला मी भीत नाही, टीचर," तो म्हणाला होता. "ह्याला भितो." आणि वड्याचा उरलेला तुकडा तिच्याकडे सरकवून तो घंटा द्यायला उठला होता.

आता गाद्यांचं सांगायला हवं. आमच्या घरांत कुठलीही वस्तू उघडी राहिलेली बायकांना खपत नाही. टीव्हीला झालर, मिक्सरला टोपी, फ्रिजच्या मुठीला मोजा. मग खरखरीत बाकांवर उघड्यावाघड्या बसलेल्या लॅपटॉपांची रोसिली टीचरला दया येणार नाही तर काय होणार? तिने उन्हाळ्यापासून ओणमपर्यंत खपून पंधरा गाद्या शिवल्या. खाली-वर सुती कापड, मध्ये बोटभर जाडीचा स्पंज, चारी कडांना चुण्या, कोपऱ्यात भरतकामाने काढलेला नंबर. यंत्र त्यावर ठेवलं की असं रुतून बसे की बघत राहावं. पालकसभेत बायका यंत्रं सोडून गाद्याच बघत होत्या. लतिका टीचरने फोटो काढून घेतले. शेजारच्या शाळेने नमुना मागितला, तो टीचरने चार दिवस आढेवेढे घेऊन दिला.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. तिसऱ्या तासाला सात नंबरचा लॅपटॉप बसल्या जागी बंद पडला. ना इशारा, ना सूचना, पडदा काळा. थोड्या वेळाने सुरू झाला, पुन्हा बंद. दुसऱ्या आठवड्यात नऊ नंबर, मग दोन आणि बारा. सकाळच्या पहिल्या तासाला सगळी गुणी बाळं, आणि ऊन चढलं की एकेक माना टाकणार. टीचरची झोप उडाली. फेब्रुवारीत दहावीची कॉम्प्युटरची प्रात्यक्षिक परीक्षा असते, ती याच यंत्रांवर.

तिने विचार करून एक निदान काढलं: चार्जर रात्रभर सुरू राहतायत आणि बॅटऱ्या सडतायत. पुरावा? एके दिवशी ती लवकर आली, तर भिंतीवरचे स्विच सुरू. झालं, सापडला पुरावा!

"वेलायुधेट्टा, हे स्विच रात्रभर चालू होते?"

"छे हो. आत्ता आल्यावर मीच लावले. पहिल्या तासाला लागतात ना."

"काल संध्याकाळी बंद केले होते?"

"केले होते."

"नक्की?"

"नक्की, टीचर."

"नीट आठवून सांगा."

काय गरज होती हे म्हणायची? पण ती म्हणाली. शिक्षकाच्या तोंडाला सवय असते. वेलायुधन स्विचकडे बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "केले असतील."

'केले होते'चं 'केले असतील' झालं, आणि टीचरला वाटलं, चोर सापडला. दोन आठवड्यांत तिने लेखी तक्रार दिली. वाईट हेतूने नाही, हेही सांगायला हवं. तिला यंत्रांची काळजी होती, परीक्षेची होती, आणि पालक तोंडावर विचारायला लागले होते. पण लेखी ते लेखी. लतिका टीचरने वेलायुधनच्या हाती मेमो ठेवला: विसराळूपणामुळे शाळेच्या वस्तूंचं नुकसान, सात दिवसांत खुलासा द्यावा. आणि खोलीची चावी काढून घेऊन रोसिली टीचरकडे दिली. वेलायुधनने खुलासा एका ओळीत दिला. "माझ्याकडून झालं असेल. मला आठवत नाही."

त्यानंतर चार वाजताचा चहा संपला. भांडण नाही, तंटा नाही. तो यायचाच बंद झाला. एकदा ती सहावीला टाके शिकवत होती, तर तो वर्गाच्या दारात येऊन उभा.

"टीचर, तिसऱ्या तासाची घंटा दिली ना मी?"

"दिलीत की. आत्ताच तर दिलीत."

"हां. दिली." तो गेला. पाचेक मिनिटांत पुन्हा दारात. "दिली म्हणालात ना?"

मुली खुदकन हसल्या. टीचरला वाईट वाटलं, पण वाईट वाटण्याच्या आत कुठेतरी बरंही वाटलं, की बघा, आपलं म्हणणं खरं होतं. माणूस खरोखरच विसरायला लागलाय. स्टाफरूममध्ये तिने तसं बोलूनही दाखवलं. "बिचारा," सगळे म्हणाले. "आईवर गेला." ती गोष्ट त्यांना कुणी सांगितली, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

चावी तिच्याकडे आली तरी यंत्रं बंद पडतच होती. आता रोज संध्याकाळी ती स्वतः स्विच बंद करत होती, दोनदा हात लावून बघत होती. मग? मग काय, "बॅटऱ्या आधीच सडल्यात," म्हणून तिने मनाची समजूत घातली. माणसाला आपलं निदान सोडवत नाही. जानेवारीअखेरीस सराव परीक्षा झाली. पहिल्याच तुकडीत तीन लॅपटॉप बसले आणि एक मुलगी अर्धं चित्र गेलं म्हणून हमसून हमसून रडली. टीचरच्या तोंडचं पाणी पळालं. खऱ्या परीक्षेला तेरा दिवस होते. तिने जिल्ह्याचे ट्रेनर निषाद सर यांना फोन लावला.

"सर, बॅटऱ्या गेल्यात. नव्या मिळतील का?"

"बॅटरी अशी तिसऱ्या तासाला नेम धरून जात नाही, टीचर. चार्जर लावलेला असताना बंद पडतात ना? मग बॅटरीचा काय संबंध? ताप बघितलात का?"

"कुणाचा?"

"प्रोसेसरचा. यंत्र फार तापलं की जीव वाचवायला स्वतःच बंद होतं. काळा पडदा उघडा."

तिने सात नंबरवर काळा पडदा उघडला आणि फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवला. दुपारची वेळ, खोलीत कुणी नव्हतं. सरांनी आधी 'सेन्सर्स' हा शब्द टाइप करायला सांगितला. असा प्रोग्रॅम इथे नाही, असं उत्तर आलं. "जुनी यंत्रं, टाकलेला नसेल. हरकत नाही. तापाचा आकडा एका फाइलीत पडलेला असतो, तीच वाचू." मग त्यांनी एक लांबलचक हुकूम अक्षर-अक्षर सांगितला, मध्ये पाच-सहा तिरप्या रेघा. टीचरने तो आधी वहीत लिहिला, मग टाइप केला.

"अय्यो, कर्तावे!" ती देवाला हाक मारून ओरडलीच. "सर, चौऱ्याण्णव हजार! राख होईल हो याची!"

सर हसले. "शेवटची तीन शून्यं सोडा, टीचर. चौऱ्याण्णव अंश. पण तेही काही कमी नाही. कणकणलंय पोर. आता त्याच हुकमाच्या आधी 'वॉच' लिहा, म्हणजे दर दोन सेकंदांनी आकडा आपोआप बदलत राहील. तसंच चालू ठेवा. आणि पंखा फिरतोय का ते कान लावून बघा. खाली जाळी असते, तिथे."

टीचरने लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि खालून कान लावला. पंखा घरघरत होता, चांगला फिरत होता. तसंच धरून तिने पडद्याकडे बघितलं. चौऱ्याण्णव. त्र्याण्णव. नव्वद. तिला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. सत्त्याऐंशी. ब्याऐंशी. हात भरून आले तरी तिने यंत्र खाली ठेवलं नाही. एकोणऐंशीवर आला, चौऱ्याहत्तरवर आला.

"सर, उतरतोय."

"उतरतोय? काय केलंत?"

"काही नाही. उचलला नुसता."

"कशावरून उचललात?"

टीचरने नजर वळवली. समोर बाकावर तिची सात नंबरची गादी होती. बोटभर स्पंज, चारी कडांना चुण्या. मधोमध यंत्राचा चौकोनी ठसा उमटला होता. तिने तळहात टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"टीचर? आहात ना?"

"आहे. मी करते नंतर फोन."

मग तिने जे केलं ते बघायला तिथे कुणी नव्हतं. तिने पंधराच्या पंधरा लॅपटॉप लावले, प्रत्येकावर तोच हुकूम टाइप केला, आणि वहीचं पान आखून लिहायला बसली: गादीवर किती, गादीविना किती. मनात धावा चालला होता, की एक तरी यंत्र असं निघू दे, जे गादीविनाही तापतं. एक निघालं असतं तरी तिने त्याचा आधार घेतला असता. निघालं नाही. पंधराच्या पंधरा गादीवर चढले आणि लाकडावर उतरले. जाळीतून हवाच आत जात नव्हती. तिने प्रत्येकाच्या नाकावर उशी दाबून धरली होती, आणि तीही भरतकाम केलेली.

पहिला विचार काय आला, तेही सांगून टाकू. गाद्या उचलायच्या. बस्स. "धुवायला नेल्या," म्हणायचं. यंत्रं चालतील, परीक्षा पार पडेल, कुणाला कळायचंही नाही. मे महिन्यात ती निवृत्त होणार होती. एकतीस वर्षांत तिच्या नावावर एक खोड नव्हती. तिने खरंच गाद्या गोळा केल्या, दोन पिशव्यांत भरल्या आणि बाहेर आली.

व्हरांड्याच्या टोकाला वेलायुधन तांदळाच्या खोलीला कुलूप लावत होता. कुलूप लावलं, ओढून बघितलं, दहा पावलं चालला. थांबला. मागे वळला, पुन्हा ओढून बघितलं. पुन्हा चालला. या वेळी पायऱ्यांपर्यंत पोचला, आणि तिथून परत आला. तिसऱ्यांदा त्याने कुलूप नुसतं ओढलं नाही, त्यावर हात ठेवून उभा राहिला आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाला. स्वतःलाच बजावत असावा. टीचरने पिशव्या तिथेच खाली ठेवल्या आणि सरळ ऑफिसात गेली.

लतिका टीचरने सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं.

"रोसिली, बस. पाणी पी. झालं ते झालं. गाद्या काढ, परीक्षा होऊ दे, मग मी तो मेमो हळूच मागे घेते. तुझं नाव कशाला यायला हवं? चार महिने उरलेत तुझे."

"हळूच कसा घेशील? दिलास तो सगळ्यांदेखत ना?"

"अगं, पण फाइलीत लागेल. शिवणाच्या टीचरने पंधरा लॅपटॉप बिघडवले, असं लोक म्हणतील."

"म्हणू देत. खरंच आहे ते." टीचरने तिच्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला. "त्याला तीन महिने सगळे बिचारा म्हणतायत, लतिका. मीही म्हणाले. मला एकदा म्हणून घेऊ दे."

तिने कागद लिहिला. माझी तक्रार चुकीची होती, शिपाई वेलायुधन यांनी आपलं काम एकही दिवस चुकवलेलं नाही, यंत्रं मी शिवलेल्या गाद्यांमुळे तापली, सोबत पंधरा यंत्रांच्या तापाचे आकडे. सही केली. लतिका टीचर कपाळाला हात लावून बसली, पण तिनेही शिक्का मारला.

मग रोसिली टीचर वेलायुधनकडे गेली. "वेलायुधेट्टा, जरा आत या."

"चावी तुमच्याकडे आहे, टीचर. मी आत येत नाही आता."

"या हो. हात जोडते."

तो आला. तिने त्याला सात नंबरसमोर खुर्चीत बसवलं. बत्तीस वर्षांत त्या शाळेतल्या खुर्चीत कुणी त्याला बसवलं नसेल. तो अगदी कडेला टेकला. काळ्या पडद्यावर अठ्ठावन्न हजार होते. तिने तीन शून्यांचं सांगितलं. मग पिशवीतून गादी काढली, यंत्राखाली घातली आणि एक व्हिडिओ सुरू केला.

"आता आकड्याकडे बघा."

आकडा चढायला लागला. त्रेसष्ट. एकाहत्तर. ऐंशी. वेलायुधन बघत होता. एकोणनव्वदला टीचर म्हणाली, "आता तुम्ही उचला." त्याने दोन्ही हातांनी, ताटलीत निखारे असावेत तसा जपून, लॅपटॉप वर उचलला. आकडा उतरत गेला. त्याने पुन्हा गादीवर ठेवला, चढला. पुन्हा उचलला. असं त्याने चार वेळा केलं, आणि टीचरने त्याला करू दिलं.

"म्हणजे ह्या गादीने होत होतं."

"हो. मी शिवलेल्या गादीने. चूक माझी होती, वेलायुधेट्टा. तुमच्यावर ढकलली. मोठ्या टीचरला तसं लिहून देऊन आलेय."

लिहून दिल्याचं त्याने ऐकलंच नाही. "आणि स्विच?"

"स्विचचा काही संबंधच नव्हता."

"तसं नाही विचारत. स्विच मी बंद करत होतो?"

"रोज करत होता."

"त्या दिवशीसुद्धा?"

"त्या दिवशीसुद्धा. तुम्ही मला सांगितलंत की तसं. मीच ऐकलं नाही."

त्याने लॅपटॉप बाकावर, लाकडावर ठेवला. आपले दोन्ही हात मांडीवर घेतले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला, आणि बत्तीस वर्षं सगळ्या शाळेला वेळ सांगणारा तो माणूस पोरासारखा रडायला लागला. टीचरला काय करावं कळेना. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवायला नेला आणि मध्येच थांबवला, आपल्याला तो हक्क राहिलाय का, अशा शंकेने.

"रोज सकाळी, टीचर," तो म्हणाला, "डोळे उघडले की अंथरुणातच पडून मी पोरांची नावं म्हणायचो. थोरल्याचं, धाकट्याचं, सुनेचं, नातीचं. मग बायकोचं. आली सगळी, की मगच उठायचो. तीन महिने. एखादं यायला जरा उशीर झाला, की छातीत धस्स व्हायचं."

टीचर त्याच्यासमोर खाली फरशीवरच बसली.

"एकदा नातीचं नाव आलंच नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी मी तिला कडेवर घेतलं नाही. म्हटलं, तिला माझी सवय नको लागायला."